सरासरीत न मावणारी धूळ

१९५१ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या काही हवामान केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामात एक भर पडली. पाऊस मोजून झाला, तापमान टिपून झाले, की अंगणातल्या तीन फूट उंच स्टँडवरचा फूटभर लांब-रुंद चिकट कागद सोडवायचा, त्याच्या जागी नवा लावायचा आणि जुना न्यूयॉर्कला पाठवून द्यायचा. चोवीस तास उघड्यावर राहिलेल्या त्या कागदावर माती, परागकण, धुराची काजळी असे काय काय चिकटलेले असे. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत त्या सगळ्याची भट्टीत राख होई आणि ती राख बीटा किरण मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवली जाई. यंत्राने नेहमीपेक्षा जास्त ठोके दिले, की नेवाडाच्या वाळवंटात फोडलेल्या अणुबॉम्बची धूळ त्या गावापर्यंत पोचली, हे उघड होई.

ही प्रयोगशाळा अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाची. ‘हेल्थ अँड सेफ्टी लॅबोरेटरी’ हे तिचे नाव आणि मेरिल आयझेनबड हे तिचे प्रमुख. चिकट कागदाची युक्ती स्वस्त होती, कुणालाही जमण्याजोगी होती. पण तिच्यात उणिवाही होत्या. रिमझिम पावसात धूळ कागदावर बसे, मुसळधार पावसात बसलेलीही वाहून जाई. शिवाय राखेवरून एकूण किरणोत्सार कळे, तो कोणत्या मूलद्रव्याचा हे कळत नसे. तरीही केंद्रे वाढत गेली. १९५४ साली प्रशांत महासागरात बिकिनी या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या झाल्या, तेव्हा जगभरात शंभराहून अधिक ठिकाणी असे कागद लावलेले होते.

१९४५ ते १९८० या काळात जगात जमिनीच्या वर एकूण ५४३ अणुचाचण्या झाल्या, अशी संयुक्त राष्ट्रांच्या समितीची मोजदाद आहे. त्यांची एकत्रित शक्ती ४४० मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळपास २९ हजार पट. एवढ्या स्फोटांनी उडवलेली किरणोत्सारी धूळ, जिला सगळे जग ‘फॉलआउट’ म्हणू लागले, ती गेली कुठे आणि किती, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा. पण त्याचे सरकारी उत्तर बहुधा सरासरीत येई: जगभर सारखी पसरली, फार पातळ झाली, काळजीचे कारण नाही. ज्यांनी पावसाची एखादी सर, एखाद्या तालुक्याचे दूध किंवा एखाद्या मुलाचे हाड जवळून तपासले, त्यांना मात्र दरवेळी सरासरीच्या बाहेरचे काहीतरी सापडले.

पहिला शोध लागला तो अगदी अपघाताने, आणि तोही एका कंपनीच्या मालाची नासाडी झाली म्हणून. १९४५च्या उत्तरार्धात ईस्टमन कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर काळे ठिपके उमटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी माग काढला, तेव्हा दोष फिल्ममध्ये नव्हता, तिच्या वेष्टनाच्या पुठ्ठ्यात होता. हा पुठ्ठा गवताच्या काडापासून बनायचा. इंडियाना राज्यात वाबाश नदीकाठच्या व्हिन्सेन्स गावच्या गिरणीत ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो तयार झाला होता. गिरणीत नदीचे पाणी वापरत. पुठ्ठ्यातले ठिपके म्हणजे सीरियम-१४१, युरेनियम किंवा प्लुटोनियमचे विखंडन झाल्यावर तयार होणारा, सुमारे ३२ दिवस अर्धायुष्य असलेला समस्थानिक. १६ जुलैला न्यू मेक्सिकोत झालेल्या ‘ट्रिनिटी’ या जगातल्या पहिल्या अणुस्फोटाची धूळ दीड हजार किलोमीटरहून दूर येऊन, पावसाने नदीत उतरून पुठ्ठ्यात शिरली होती. वेब यांचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. १९५१च्या जानेवारीत नेवाडातल्या चाचण्या सुरू होताच कोडॅकच्या रॉचेस्टर शहरात किरणोत्सारी बर्फ पडला आणि कंपनीने अणुऊर्जा आयोगाकडे तक्रार नोंदवली. आयोगाने फिल्म उद्योगाला पुढच्या चाचण्यांची आगाऊ माहिती देण्याचे मान्य केले. दूध पिणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी अशी काही सोय नव्हती. अर्धशतकानंतर अमेरिकी सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी नेमका हाच मुद्दा काढला.

१९४९ साली हीच धूळ हेरगिरीच्या कामी आली. २९ ऑगस्टला सोव्हिएत संघाने कझाखस्तानात सेमिपालातिन्स्क इथे गुपचूप पहिला अणुबॉम्ब फोडला. ३ सप्टेंबरला जपान आणि अलास्का यांच्या दरम्यान उडणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या बी-२९ जातीच्या हवामान विमानातला गाळणकागद किरणोत्सारी निघाला. नौदलाच्या शास्त्रज्ञांनी अलास्कातल्या कोडिअॅक इथे साठवलेले पावसाचे पाणीही तपासले. कोणते समस्थानिक किती प्रमाणात उरलेत यावरून स्फोट केव्हा झाला याचा अंदाज बांधता आला, आणि २३ सप्टेंबरला अध्यक्ष ट्रुमन यांनी रशियाकडे बॉम्ब असल्याचे जाहीर केले.

धूळ कुठे पडणार हे ठरवण्यात स्फोटाच्या आकाराइतकाच हवामानाचा हात असतो. स्फोट जमिनीलगत झाला, तर आगीचा गोळा माती-खडक वर ओढून घेतो. वितळलेले जड कण काही तासांत जवळपास पडतात. हलके कण तपांबरात, म्हणजे ढग आणि पाऊस असलेल्या खालच्या थरात राहतात, वाऱ्याबरोबर पृथ्वीला फेरी घालतात आणि काही आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात. मेगाटनी बॉम्बचा ढग मात्र त्याच्याही वर, स्थितांबरात घुसतो. तिथे पाऊस नाही, त्यामुळे धुळीला खाली उतरायला महिने किंवा वर्षे लागतात. मधल्या प्रवासात एखाद्या गावावर वळीव कोसळला, तर काय होते ते एप्रिल १९५३ मध्ये दिसले. २५ तारखेला नेवाडात ‘सायमन’ नावाची ४३ किलोटनची चाचणी झाली. साधारण ३६ तासांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय आणि आल्बनी या शहरांवर गडगडाटी पाऊस झाला. ट्रॉयच्या रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रयोगशाळेत आले, तर गायगर काउंटर थांबायला तयार नव्हते. मधल्या शेकडो शहरांवर तोच ढग गेला होता, पण तिथे पाऊस पडला नव्हता.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर ‘ब्राव्हो’ हा बॉम्ब फुटला. अपेक्षा ६ मेगाटनच्या आसपास होती, निघाला १५ मेगाटनचा. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी नौका होती. तिच्या २३ जणांवर काही तास प्रवाळाची पांढरी भुकटी पडत राहिली. ते किनाऱ्यावर आले तेव्हा सगळे किरणोत्साराने आजारी होते. रेडिओ चालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. नौकेवरची राख तोक्यो विद्यापीठात केंजिरो किमुरा यांच्या प्रयोगशाळेत पोचली. तिच्यात त्यांना युरेनियम-२३७ सापडले. साध्या अणुबॉम्बमधून ते एवढ्या प्रमाणात निघत नाही. वेगवान न्यूट्रॉन युरेनियम-२३८ वर आदळले तरच निघते. म्हणजे या बॉम्बभोवती साध्या युरेनियमचे आवरण होते, त्याचेही विखंडन झाले होते आणि म्हणूनच धूळ इतकी भयानक होती. अमेरिकेने गुप्त ठेवलेली बॉम्बची घडण मूठभर राखेने उघडी पाडली.

समुद्रात पडलेली धूळ अथांग पाण्यात विरून जाईल, असा अमेरिकी अधिकाऱ्यांचा होरा होता. त्याच उन्हाळ्यात ‘शुन्कोत्सु मारू’ हे जपानी संशोधन जहाज बिकिनीकडे गेले आणि प्रवाहाच्या दिशेने दूरवर दूषित पाणी आणि दूषित मासे मोजून आले. तोक्योच्या हवामान संशोधन संस्थेत यासुओ मियाके यांच्या हाताखाली कात्सुको सारुहाशी काम करत होत्या. समुद्राच्या पाण्यातले सीझियम-१३७ मोजणे म्हणजे भरपूर पाण्यातून अतिसूक्ष्म अंश वेचणे. जपानजवळच्या पाण्यात सीझियम अपेक्षेपेक्षा जास्त आहे हे त्यांचे निष्कर्ष काही अमेरिकी शास्त्रज्ञांना पटत नव्हते. मोजणीतच खोट असेल, असे ते म्हणत. अखेर १९६२ साली सारुहाशी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत गेल्या आणि त्यांची पद्धत थिओडोर फोल्सम यांच्या पद्धतीच्या शेजारी ठेवून तपासली गेली. दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळली. समुद्र म्हणजे सगळीकडे सारखे ढवळले जाणारे भांडे नाही. प्रवाह धूळ ज्या बाजूला नेतात त्या बाजूच्या लोकांच्या वाट्याला ती जास्त येते, हे आता नाकारता येत नव्हते.

दरम्यान अमेरिकेत एक गुप्त प्रकल्प चालू होता. १९५३ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या बैठकीतून निघालेल्या या प्रकल्पाचे नाव मोठे प्रसन्न होते: ‘प्रोजेक्ट सनशाइन’. त्याचे सूत्रधार विलर्ड लिबी, पुढे कार्बन-१४ कालमापनासाठी नोबेल मिळवणारे रसायनशास्त्रज्ञ. लांब पल्ल्याचा सर्वांत मोठा धोका स्ट्राँशियम-९० चा, असे त्यांचे मत होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे. आवर्तसारणीत तो कॅल्शियमच्या खालच्या घरात बसतो, त्यामुळे गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून मुलांच्या वाढत्या हाडांत जातो. तेव्हा हाडेच गोळा करायची ठरली. जगभरातल्या इस्पितळांतून, शवविच्छेदनगृहांतून, मृत जन्मलेल्या अर्भकांचीसुद्धा हाडे अमेरिकेत आली, बहुतेक वेळा घरच्यांना न सांगता. मृतदेह पळवण्याचे काम नीट जमणारा कुणी असेल तर त्याच्या हातून देशसेवाच घडेल, असे लिबी १९५५च्या एका बैठकीत बोलल्याचे कागद १९९० च्या दशकात उघड झाले.

स्ट्राँशियम-९० मोजणे हे खरोखर चिकाटीचे काम. तो गॅमा किरण देत नाही, फक्त बीटा किरण सोडतो. त्यामुळे नमुना थेट यंत्रापुढे धरून भागत नाही. आधी हाडाची राख करायची, ती आम्लात विरघळवायची. हाडात कॅल्शियमचा डोंगर आणि स्ट्राँशियमचा कण. दोघांचे रसायन इतके सारखे, की त्यांना वेगळे करायला तीव्र, धुरावणारे नायट्रिक आम्ल वापरावे लागे. शेवटी मिळालेला किंचितसा साका बाजूला ठेवून दोनेक आठवडे वाट पाहायची. या काळात स्ट्राँशियममधून यिट्रियम-९० जन्माला येते. ते वेगळे काढून मोजायचे आणि त्याचा किरणोत्सार दर ६४ तासांनी निम्मा होतो का, हे पाहायचे. होत असेल, तरच मूळ स्ट्राँशियम-९० खरा. हे सगळे एका माणसाच्या हाडाच्या तुकड्यासाठी.

कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेत लॉरेन्स कल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेकडो हाडांचे विश्लेषण केले आणि १९५७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आकडा दिला: जगाची सरासरी ग्रॅमभर कॅल्शियममागे ०.१२ पिकोक्युरी. या एककालाही काही काळ ‘सनशाइन युनिट’ म्हणत. आकडा इतका लहान, की वाचणाऱ्याने निश्चिंत व्हावे. पण त्याच निबंधात हेही होते, की लहान मुलांच्या हाडांत प्रौढांच्या तीन-चार पट स्ट्राँशियम आहे. कारण उघड आहे: प्रौढाचे हाड बॉम्ब येण्यापूर्वीच घडून गेलेले, मुलाचे आत्ता घडते आहे. वडीलधाऱ्यांच्या जुन्या स्वच्छ हाडांनी सरासरी खाली ओढली होती.

स्थितांबराबद्दलही असेच झाले. तिथे गेलेली धूळ दहाएक वर्षे रेंगाळते, तोवर तिचा किरणोत्सार बराच कमी होतो आणि मग ती पृथ्वीवर सारखी पडते, असे लिबी मांडत होते. अमेरिकी हवामान खात्याचे लेस्टर माख्टा यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते स्थितांबरातली हवा मध्य अक्षांशांत खाली उतरते, म्हणून उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यावर धूळ जास्त पडणार. निवाडा निसर्गानेच दिला. १९५८च्या अखेरीस अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने चाचण्या थांबवल्या. धूळ कमी व्हायला हवी होती. पण १९५९च्या वसंत ऋतूत पाऊस, दूध आणि गहू, सगळ्यांतले स्ट्राँशियम चढले. हिवाळ्याअखेरीस स्थितांबरातली हवा खाली उतरते आणि वसंतातला पाऊस तिच्यातली धूळ धुऊन काढतो. रशियाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या १९५८च्या चाचण्यांची धूळ दहा वर्षांनी नव्हे, वर्षभराच्या आत खाली आली होती. अमेरिकेचे कृषी-मृदाशास्त्रज्ञ लाइल अलेक्झांडर यांनी जगभरातून गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यांनीही तेच सांगितले: उत्तर गोलार्धात भरपूर, दक्षिणेत थोडी, ४० ते ५० अंश अक्षांशांवर सर्वाधिक, विषुववृत्तावर त्याहून कमी.

मुंबई १९ अंशावर, म्हणजे कमी धुळीच्या पट्ट्यात. तरी भारताने हा विषय सुरुवातीपासून हाती धरला होता. ब्राव्होनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. १९५६ साली दौलतसिंग कोठारी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले अणुस्फोटांच्या परिणामांवरचे पुस्तक सरकारने नेहरूंच्या प्रस्तावनेसह छापले. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिच्या १५ संस्थापक सदस्य देशांत भारत होता, आणि मुंबईच्या कर्करोग संशोधनाची पायाभरणी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथे देशाचे प्रतिनिधी होते. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी पावसाच्या पाण्यातून बेरिलियम-७, फॉस्फरस-३२ असे समस्थानिक वेगळे काढत होते. हे बॉम्बचे नव्हेत, अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांनी वातावरणात घडवलेले. पण ते कुठे आणि किती तयार होतात हे गणिताने सांगता येते, म्हणून वरची हवा खाली किती वेगाने येते हे तपासायला ते उत्तम साक्षीदार ठरले.

संयुक्त राष्ट्रांच्या या समितीचा पहिला अहवाल १९५८ साली आला. त्यात जगाच्या सरासरीबरोबर एक भेद ठळकपणे मांडला होता: कॅल्शियम प्रामुख्याने दुधातून मिळवणारे लोक आणि भातावर जगणारे लोक यांचा हिशेब वेगवेगळा. गाईचे शरीर दूध बनवताना कॅल्शियम पुढे जाऊ देते आणि स्ट्राँशियमला बरेचसे अडवते. भाताला अशी गाळणी नाही, आणि त्यात कॅल्शियमही थोडेच. त्यामुळे भात खाणाऱ्याच्या हाडांत कॅल्शियमच्या तुलनेत स्ट्राँशियम जास्त जाण्याची शक्यता अहवालाने दाखवली. धूळ कमी पडलेल्या देशातसुद्धा ताटात काय आहे यावर बरेच अवलंबून होते. सीझियमने हाच धडा उत्तर टोकाला दिला. दगडफुलासारख्या शैवाकांना मुळे नसतात, ती हवेतूनच पोषण घेतात, त्यामुळे वर्षानुवर्षांची धूळ त्यांच्यात साठत जाते. रेनडिअर ती खातात, आणि तिथले मूळ रहिवासी सामी लोक रेनडिअर खातात. १९६० च्या सुमारास स्वीडनमध्ये कुर्ट लिडेन यांनी सामी पशुपालकांच्या शरीरातले सीझियम मोजले, तर ते दक्षिणेतल्या शहरवासीयांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाले.

मुलांच्या हाडांचे नमुने मिळवणे ही नैतिक आणि व्यावहारिक अडचण होती. त्यातून वाट काढली ती दुधाच्या दातांनी. ऑगस्ट १९५८ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन कालकर यांनी ‘नेचर’मध्ये सुचवले, की नाही तरी पडणारे दातच गोळा करावेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ‘कमिटी फॉर न्यूक्लिअर इन्फर्मेशन’ने काम सुरू केले. वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर या समितीत होते. दातांच्या मोहिमेची धुरा डॉ. लुईस रीस या महिला डॉक्टरकडे होती. पडलेला दात एका छापील फॉर्मसोबत पाठवायचा: जन्मतारीख काय, गरोदरपणात आई कुठे राहत होती, बाळ आईच्या दुधावर वाढले की बाटलीच्या. बदल्यात मुलाला आपला दात विज्ञानाला दिल्याचा बिल्ला मिळे. पुढचे पटाशीचे दात जन्माच्या आगेमागे घडतात आणि सहा-सात वर्षांनी पडतात. म्हणून १९६० साली पडलेला दात १९५३-५४ मधले दूध कसे होते ते सांगतो. एका दातात मोजण्याइतके स्ट्राँशियम नसते, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठात हॅरॉल्ड रोझेन्थाल एकाच काळात जन्मलेल्या मुलांचे दात एकत्र करून तपासत. १९७०पर्यंत तीन लाखांहून अधिक दात जमले. नोव्हेंबर १९६१ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांत स्ट्राँशियम वर्षागणिक चढताना दिसले, आणि बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांत ते अधिक होते. १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत तर १९५० मधल्या मुलांच्या सुमारे ५० पट.

थांबलेल्या चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, आणि १९६१ व ६२ ही सर्वांत वाईट वर्षे ठरली. रशियाने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोव्हाया झेम्ल्यावर ५० मेगाटनचा बॉम्ब फोडला. अमेरिकेनेही चाचण्यांचा धडाका लावला. या सगळ्या स्फोटांची धूळ १९६३ मध्ये जमिनीवर आली, आणि आजही तळ्याच्या गाळात, हिमनदीच्या बर्फात सीझियमचा सर्वांत उंच शिखरबिंदू १९६३-६४चा मिळतो. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने हवेतल्या, समुद्रातल्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार केला. दात, दूध आणि राख यांचा त्यामागच्या लोकमतात मोठा वाटा होता. फ्रान्सने १९७४पर्यंत आणि चीनने ऑक्टोबर १९८०पर्यंत हवेत स्फोट चालू ठेवले, पण धुळीचा आलेख झपाट्याने उतरला.

गाळातली ती खूण आता उपयोगी पडते. कोणता थर १९६३चा हे कळले, की त्यावर किती माती साचली यावरून नैनितालसारख्या तळ्यात गाळ किती वेगाने भरतो ते काढता येते. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवरही असा अभ्यास झाला आहे. भूमिगत चाचण्यांवर पाळत ठेवायलाही हेच शास्त्र लागते. खडकाच्या फटींतून झेनॉन-१३३ हा निष्क्रिय वायू निसटतो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम सव्वापाच दिवस. सर्वंकष चाचणीबंदी कराराच्या जागतिक जाळ्यात किरणोत्सार मोजणारी ८० केंद्रे ठरली आहेत, त्यांतल्या ४० ठिकाणी झेनॉनही मोजायचा आहे. उत्तर कोरियाने १२ फेब्रुवारी २०१३ रोजी केलेल्या स्फोटाचा झेनॉन जपानमधल्या ताकासाकी केंद्रावर ५५ दिवसांनी सापडला. भारताने या करारावर सही केलेली नाही.

या सगळ्या काळात एक समस्थानिक जवळजवळ सर्वांच्या नजरेतून सुटला होता. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य फक्त ८ दिवस. तीन महिन्यांत तो जवळजवळ संपतो. गाळात, दातात, हाडात काहीच मागे ठेवत नाही. पण तेवढ्या अवधीत गवतावर पडून गाईच्या दुधातून तो मुलांच्या इवल्याशा थायरॉईड ग्रंथीत एकवटतो. १९५० च्या दशकात चाचणीक्षेत्राच्या आसपास मोजले जात ते हवेतले गॅमा किरण, दूध नव्हे. १९६२-६३ मध्ये आयोगाचेच गणितज्ञ हॅरॉल्ड नॅप यांनी जुन्या नोंदींवरून हिशेब केला, तर १९ मे १९५३च्या ‘हॅरी’ चाचणीनंतर युटामधल्या सेंट जॉर्ज गावच्या दूध पिणाऱ्या मुलांच्या ग्रंथींना शेकडो रॅड (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) एवढी मात्रा मिळाली असावी, असे निघाले. आयोगातल्या अनेकांना हे प्रसिद्ध होऊ नये असे वाटत होते.

१९८३ साली अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय कर्करोग संस्थेला हा हिशेब देशभर मांडायला सांगितले. तीस वर्षांपूर्वी विरून गेलेले आयोडीन मोजायचे कसे? आधार उरला होता तो चिकट कागदांच्या नोंदींचाच. प्रत्येक केंद्रावर रोज किती बीटा किरणोत्सार जमला ते त्यात होते. त्याला त्या-त्या दिवसाच्या पावसाचे आकडे जोडले, त्या महिन्यात गाई किती चरत होत्या ते पाहिले, दूध कुठून कुठे जाई आणि कोण किती पीत असे तेही काढले, आणि तीन हजारांहून अधिक काउंटींचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा, वेगवेगळा अंदाज तयार झाला. १९९७ साली अहवाल आला. नेवाडातून सुमारे १५ कोटी क्युरी आयोडीन-१३१ उडाले होते. दर माणशी सरासरी मात्रा २ रॅड. पण त्या काळात लहान असलेल्यांची मात्रा सरासरीच्या तीन ते सात पट. आणि देशातल्या सर्वाधिक मात्रेच्या पाच काउंटी नेवाडाला लागूनही नव्हत्या: आयडाहो राज्यातल्या कस्टर, जेम, ब्लेन आणि लेमहाय, आणि मोंटानातली मीघर. तिथे सरासरीच १२ ते १६ रॅड. परसातल्या गाईचे ताजे दूध पिणारे मूल त्याहून कितीतरी पुढे गेलेले असणार. त्यातून किती जणांना थायरॉईडचा कर्करोग झाला असेल, याचा अंदाज ११,३०० पासून २,१२,००० पर्यंत पसरलेला आहे.

बाधितांना भरपाई देणारा अमेरिकी कायदा याआधीच, १९९० साली झाला होता, आणि त्यात युटा, नेवाडा आणि अ‍ॅरिझोनातल्या ठरावीक काउंटींचीच नावे होती. १९९७च्या नकाशानंतरही ती यादी या तीन राज्यांपलीकडे गेली नाही. जून २०२४ मध्ये कायद्याची मुदत संपली. दरम्यान २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या सेबास्तियाँ फिलिप आणि सहकाऱ्यांनी आजच्या हवामान प्रारूपांवर जुने वारे पुन्हा चालवून दाखवले, की ट्रिनिटीची धूळ दहा दिवसांत ४६ राज्यांपर्यंत, कॅनडात आणि मेक्सिकोत पोचली होती. जुलै २०२५ मध्ये कायदा पुन्हा आला तेव्हा पहिल्या स्फोटानंतर ८० वर्षांनी न्यू मेक्सिकोचे लोक त्यात आले, सगळा युटा आणि सगळा आयडाहोही आला. पात्र व्यक्तीला १ लाख डॉलर. आयडाहोच्या चारही काउंटींतल्या लोकांना आता अर्ज करता येतो. पाचवी मीघर काउंटी मोंटानात आहे, आणि मोंटाना अजून या यादीत नाही.